ओघळलेल्या कानांचा दर

अक्काच्या कानांची भोकं ओघळली होती. आईच्या हिऱ्यांच्या कुड्या तिने वर्षानुवर्षं रोज घातल्या. वजनाने पाळ्या खाली चिरत गेल्या आणि एका सकाळी केस पुसताना डावी कुडी टॉवेलात निघाली. त्या दिवसापासून कुड्या डबीत आणि कान मोकळे.

अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही, पोस्टात नोकरी केली. माझी बायको लवकर गेली आणि माझी मुलगी अक्काच्याच हाताखाली वाढली. त्या मुलीचं लग्न आवणी या तमिळ महिन्याच्या अखेरीस, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यात, ठरलं, तेव्हा अक्का म्हणाली, "त्या दिवशी मला आईच्या कुड्या घालायच्यात." आमची घरची मराठी तंजावरची, अर्धी तमिळच, इथे ती मी पुस्तकी करून लिहितो आहे. पण म्हणाली ती इतकंच. तिने काही मागितल्याचं मला दुसरं आठवत नाही.

जूनचा मध्य, तमिळ आणी महिना नुकताच लागला होता. वेस्ट मांबलमच्या आमच्या फ्लॅटवरून आम्ही चालत टी. नगरच्या बाजारात गेलो. तिथे एका दागिन्यांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, त्वचेचा आणि सौंदर्याचा दवाखाना नव्याने उघडला होता. असे दवाखाने त्या वर्षांत गल्लोगल्ली निघत होते. काउंटरवरच्या मुलीने एक कान शिवायचा दर सांगितला.

"दोन्ही एकदम केले तर?" अक्काने विचारलं.

"दुप्पट, अम्मा."

"भाजीवालासुद्धा वर कढीपत्ता टाकतो गं."

"कढीपत्ता देते की, अम्मा. कॅन्टीनमधून आणते."

दोघी हसल्या. अक्काने पर्स उघडलीसुद्धा होती. मी तिच्या कानाशी वाकून म्हणालो, "महिनाभर थांब. आडी लागू दे."

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो. आडीत, म्हणजे आणीनंतरच्या महिन्यात, लग्नं होत नाहीत, म्हणून टी. नगरात साड्यांपासून कुकरपर्यंत सगळ्यावर सूट लागते. मागणी पडली की किंमत पडते हे समजावताना वर्गात मी दरवर्षी हेच उदाहरण द्यायचो.

"कान म्हणजे साडी आहे का?" अक्का म्हणाली.

"नियम सगळ्याला एकच."

"तू शिकवतोस, तुला माहीत." तिने पर्स मिटली.

आडीच्या शेवटच्या आठवड्यात गेलो तर बसायला जागा नव्हती. खाली रस्त्यावर सवलतीचे फलक आणि माणसांचा लोंढा, वर दवाखान्यात आया आणि उपवर मुली. कोणाचे कान, कोणाचा तीळ, कोणाच्या गालावरचे मुरमांचे खड्डे. काउंटरवर तीच मुलगी होती. तिने सांगितलेला दर आधीच्या दीडपट होता.

"आडीत वाढवलात?" मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

"सार, आवणी आणि ऐप्पसीच्या लग्नांचे कान आडीतच येतात. शिवायचं, भरून यायचं, मग नवं भोक पाडायचं. दोन महिने धरा. साडी काय, आदल्या दिवशी घेतली तरी नेसता येते." मग अक्काकडे वळून म्हणाली, "आणीत लग्नं संपत आलेली असतात, डॉक्टर रिकामे असतात, तेव्हा आम्ही दर खाली आणतो. तुम्ही आला होता ना तेव्हा? लग्न कधी आहे, अम्मा?"

"पाच आठवड्यांनी."

मुलीने मान हलवली. "शिवून होतील. पण कुड्या नाही घालता यायच्या."

जिना उतरताना मी म्हणालो, "ही बाजारपेठ जरा वेगळी आहे."

"हो का?" अक्का म्हणाली. रस्त्यावर आल्यावर तिने कॉफी घ्यायचं काढलं. पैसे तिनेच दिले.

लग्नात कुड्या मुलीच्या कानात होत्या. आदल्या संध्याकाळी अक्कानेच त्या तिला देऊन टाकल्या. मांडवाच्या दाराशी मी गुलाबदाणी घेऊन उभा होतो आणि अक्का माझ्या शेजारी खडीसाखर देत होती. तंजावरहून आलेली मावशी आत शिरताच थबकली.

"काय गं, कान असे उघडे? भाऊ प्रोफेसर, आणि बहिणीच्या कानाला पैसे नाहीत होय?"

मागचे दोघे-चौघे हसले.

"त्याचं काही नाही, मावशी. माझाच हात आखडला," अक्का म्हणाली. "दर फार वाटला. मग राहूनच गेलं."

मी एक वाक्य बोलायला हवं होतं. मी मावशीवर गुलाबपाणी शिंपडलं.

पुढच्या आणीत मी म्हणालो, चल, आता दर उतरला असेल. ती म्हणाली, "शिवून त्यात घालू काय?" विषय तिथेच संपला. कोणी विचारलं तर मात्र ती तेच सांगायची, माझाच हात आखडला. आमच्या नात्यात अक्का चिक्कू म्हणून ओळखली जाऊ लागली, प्रेमाने, पण चिक्कूच.

ती या चित्तिरैत, एप्रिलअखेरीस, गेली. तेराव्याच्या पंगतीत मावशी, आता पुष्कळ थकलेली, शेजारणीला सांगत होती, "आमची पोर फार काटकसरी हो. स्वतःच्या कानालासुद्धा पैसे घातले नाहीत."

मी समोरच्या पानावर होतो. मी म्हणालो, "मावशी, ती पैसे काढत होती. मी थांबवलं तिला. आडीत स्वस्त होईल म्हणालो."

मावशीला नीट ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. तिने माझ्या पानाकडे पाहिलं आणि वाढणाऱ्याला हाक मारली.

"याला भात वाढ रे. काही जेवला नाही हा."