तपेल्याची मुदत

मेघालीला एका जागी बसवत नाही. चहाचा कप हातात घेऊन ओटी ते नळ, नळ ते ओटी अशी ती फिरते आणि मध्येच मोबाईल बघते. त्या बुधवारी तर कपातला चहा तसाच निवला.

"मावशी, नर्मदाकाकी बोलल्या का काही?" कुंपणावरून तिने मला पुन्हा विचारलं.

"माझ्याशी बोलतात. तुझं नाव काढलं की केळींना पाणी घालायला उठतात."

मेघाली बोईसरला एका छोट्या कंपनीत आहे. कारखान्यातल्या पंपावर क्यूआर कोड लावायचा. कामगाराने त्यावर मोबाईल धरला की त्या पंपाचं पान उघडतं. शेवटची दुरुस्ती कधी झाली, पुढची कधी. वेगळं अ‍ॅप घ्यायला नको. ही पानं ती तयार करते. आमच्या केळवे-माहीमच्या महिला मंडळाची कार्याची भांडी सदा कुणाकडे तरी अडकलेली, म्हणून त्यांनाही तिने तेच केलं. स्टिकर घासण्यात निघून गेले, तेव्हा कोड कोरलेले बिल्ले आणून कड्यांना तारेने बांधले. भांडं नेताना स्कॅन करायचं, नाव आणि परतीची तारीख टाकायची. तारीख उलटली की पान लाल, आणि मंडळाच्या ग्रुपवर संदेश. पंपांसाठी तसं होतं, ते तिने तसंच ठेवलं.

आदल्या दिवशी, मंगळवारी, सगळ्यांचे मोबाईल वाजले. 'मोठं तपेलं. नर्मदाकाकी. मुदत संपली.'

आई नोकरीवर असायची तेव्हा शाळेतून आलेल्या मेघालीला जेवू घालायच्या त्या ह्याच काकी. तपेलं त्यांनी नातीच्या हळदीला नेलं होतं, घासून लख्ख ठेवलं होतं. पण आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, आणि त्यांच्या वाडीतला केळ्यांचा घड अजून पिकायचा होता. संदेश कळला तशा त्या उठल्या, रिकामंच तपेलं मेघालीच्या ओटीवर पालथं घातलं आणि तशाच माघारी गेल्या.

गुरुवारी मेघालीने रजा टाकली. दिवसभर लॅपटॉप घेऊन कधी ओटीवर, कधी झोपाळ्यावर. संध्याकाळी तपेल्यात तांदूळ घालून ते कमरेवर घेतलं नि मला म्हणाली, "चला ना बरोबर."

काकी अंगणातच होत्या. "आता कशाला आणलंस? मुदत सरली ना माजी?"

"लाल काढून टाकलं, काकी. ग्रुपवरही काही जात नाही आता." तिने बिल्ल्यावर मोबाईल धरून त्यांच्यापुढे केला. पानावर होतं, 'नर्मदाकाकींकडे. घड पिकेपर्यंत.'

काकींनी ते सावकाश वाचलं. मेघालीचा पाय एकसारखा हलत होता. मग त्यांनी झाकण उचललं.

"तांदूल हायत, ते लिवलंस का यात?"

"नाही. लिहू?"

"नको. उद्या कुनी किती घातलं ते मोजायला बाया मापं घेऊन येतील."

तपेलं आत गेलं. आतूनच आवाज आला, "पाय हलवू नको गं. बस, जेवून जा."