हाक ऐकूनही

आई गेली तेव्हा मी रडले नाही. रडायला सवड मिळाली नाही, हे जास्त खरं. ती जऊळक्याला भावाकडे होती. मी पोचले तेव्हा अंगणभर बायका बसलेल्या आणि भावजय एकटी चुलीपाशी, म्हणून मी पदर खोचून आधी चहाचं पातेलं चढवलं. तेरवी होईपर्यंत मी चहाच करत राहिले. घरी परतले तर इकडे मेथी काढायला आलेली आणि वांगी झाडावरच निबर व्हायला लागलेली. आमची भाजीपाल्याची शेती. माल पहाटेच मंगरूळपीरला नाहीतर शेलूबाजारला जातो, म्हणजे त्याआधी सगळ्या जुड्या बांधून तयार पाहिजेत. कामाला लागले.

आमच्या घरात माणसं चार, पण आवाज फार. सासूबाईंना कमी ऐकू येतं, त्यामुळे टीव्ही गल्लीला पुरेल एवढा मोठा. मुलगा फोनवर व्यापाऱ्यांशी बोलतो ते ओरडूनच. आणि नवऱ्याला स्वतःची कोणतीच वस्तू सापडत नाही. विळा असो, टॉवेल असो, मोटारीच्या खोलीची किल्ली असो, "काहून वो, कुठी हायेस?" अशी हाक आलीच. मी असेन तिथून "आली आली" म्हणायचे. त्या दिवसांत मी जेवत कमी होते, बोलत त्याहून कमी. ते सगळ्यांच्या लक्षात आलं होतं, हे मला नंतर कळलं.

थंडी भरात होती. एका सकाळी माल गेला, नवरा आणि मुलगा गाडीबरोबर गेले, आणि मी सासूबाईंना मोठ्याने सांगितलं, "वावरात जाऊन येतो." फोन चार्जिंगला लावलेला होता, तो तसाच राहू दिला. वावरात पोचले, वाफ्यांना पाणी दिलं, विहिरीच्या काठावर हातपाय धुतले. समोर डोंगर होता. बाहेरच्या माणसाने पाहिला तर त्याला टेकडी म्हणेल, पण आम्ही डोंगरच म्हणतो. लग्न होऊन आले तेव्हापासून तो रोज समोर आहे आणि वर मी एकदाच गेले होते, तेही सरपणासाठी, चार बायकांबरोबर. त्या सकाळी वाटलं, जावं. कोणाला सांगितलं असतं तर "एकटीच कायले जातं?" झालं असतं आणि कोणीतरी सोबत आलं असतं. मुलाचे जुने कापडी बूट वावरातल्या झोपडीत खुंटीला होते. चपला विहिरीच्या काठावरच काढल्या, बूट चढवले आणि निघाले.

वाट अशी नव्हतीच. मुरूम, काळे दगड आणि सागाची वाळलेली पानं. पानांवर पाय पडला की एवढा मोठा आवाज व्हायचा की मी दोनदा मागे वळून पाहिलं. साडीच्या काठाला कुसळं चिकटली. अर्ध्या वाटेवर झुडपांतून एक रोही, म्हणजे नीलगायीतला नर, उठला, माझ्याकडे बघत उभा राहिला आणि निवांत निघून गेला. वर पोचले तेव्हा छाती भरून आली होती. एका सपाट दगडावर बसले. वारा होता, दुसरं काही नव्हतं. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की आपण रडतोय. आवाज काढून रडत होते. माझा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. आईचे शेवटचे दिवस आठवले. तिच्या हातांची बोटं आठवली, वाकडी झालेली, तरी शेवया वळणारी. भरपूर रडले, आणि तिथेच डोक्याखाली हात घेऊन झोपले. इतकी गाढ झोप मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

जाग आली ती हाकेने.

"माय! ओ माय!" मुलाचा आवाज. खालून, नाल्याच्या बाजूने. मग आणखी एक आवाज, "ओ काकू!" तो शेजारच्या वावरातल्या बाईंच्या मुलाचा होता. तो पोस्टात नोकरीला आहे आणि त्या दिवशी सुटीवर होता.

मी तोंड उघडलं होतं. "आली आली" अगदी जिभेवर होतं. आणि मी तोंड मिटलं. मला वाटलं, पाहुणे आले असतील नाहीतर किल्ली सापडत नसेल. थोडा वेळ करा की तुमचं तुम्ही. मी दगडाच्या आडोशाला सरकले, लाल पदर दिसू नये म्हणून गोळा करून मांडीत घेतला. पुन्हा "माय!" आलं. या वेळी आवाज फाटलेला होता. तो फाटलेला आवाज मला ऐकू आला होता, यात काही शंका नाही. तरी मी गप्प बसले. मग हाका लांब गेल्या आणि थांबल्या. मला लहान मुलीसारखं हसू आलं.

बऱ्याच वेळाने उठले, डोंगराच्या कडेशी येऊन खाली पाहिलं. आमच्या विहिरीभोवती माणसं जमली होती. आधी वाटलं, मोटार बिघडली. पण मोटारीला एवढी माणसं कशाला? बायकाही होत्या. कोणीतरी दोर सोडत होतं. आणि सगळ्यांपासून जरा लांब, बांधावर, माझा नवरा डोक्याला हात लावून उकिडवा बसला होता. दुरूनही त्याला मी ओळखलं. मग मला त्या काठावर ठेवलेल्या चपला आठवल्या.

मी ओरडले. हात हलवले, पदर हलवला. वारा उलटा होता, कोणी वर पाहिलं नाही. मी धावत सुटले. मुलाचे बूट मला मोठे, दोनदा पडले, गुडघा फुटला. सारखं एकच मनात येत होतं की ते विहिरीत दोर सोडून राह्यले, आणि मी वर हसत होते.

मला सगळ्यात आधी पोस्टातल्या मुलाच्या आईने पाहिलं. त्या किंचाळल्या. सगळे वळले. त्याच वेळी तो पोस्टातला मुलगा दोराला धरून विहिरीतून वर येत होता. ओठ निळे पडलेले, अंग थरथरत होतं आणि टाचेतून रक्त वाहत होतं. आतल्या कपारीचा दगड लागला होता. त्याने मला पाहिलं आणि काठावरच मटकन बसला.

"कुठी गेलत्या काकू?" कोणीतरी विचारलं.

"डोंगरावर."

"काय कराले?"

मला दुसरं काही सुचलं नाही. "बसाले," मी म्हणाले.

मागे कोणीतरी हसलं. कोणी म्हणालं, "फोन लावा, पोलिसायले म्हना येऊ नोका." माझा मुलगा जवळ आला, माझ्या दंडाला हात लावला, आणि एकदम वळून मोटारीच्या खोलीमागे गेला. नवरा बांधावरून उठला. माझ्या चेहऱ्याकडे त्याने पाहिलंच नाही. पायांकडे पाहिलं. मग विहिरीच्या काठावरून माझ्या चपला उचलून आणल्या, माझ्यासमोर मातीत ठेवल्या आणि म्हणाला, "चप्पल घाल." एवढ्या माणसांसमोर मी बूट काढून चपला घातल्या. माझ्या आयुष्यात त्याहून लांबलेलं काम मी कुठलं केलं नसेल.

भावाला कळवलं गेलं होतं. तो मोटारसायकलने अर्ध्या वाटेवर आला होता, तेव्हा त्याला मी सापडल्याचा फोन झाला. तरी तो आला. घरात शिरला, मला पाहिलं आणि दारातच रडला. मग रागावला. "आत्ताच माय गेली, अन तू असं करून राह्यली?" मी त्याला पाणी दिलं. त्याने घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पोस्टातल्या मुलाला बघायला गेले. जाताना कोवळी वांगी नेली. टाचेला टाके पडले होते, पाय उशीवर ठेवून तो झोपला होता. समोर बुद्धाच्या मूर्तीपाशी अगरबत्ती जळत होती. त्याच्या आईने पिशवी हातात घेतली आणि म्हणाल्या, "भाजी कायले आनली? आमच्या वावरात नाही का?" पण पिशवी ठेवून घेतली, चहा केला.

"लय दुखते का रे?" मी मुलाला विचारलं.

"नाही काकू. पानी लय थंडं होतं, तेच."

त्याच्या आई माझ्याजवळ खाली बसल्या. "तो बुडी मारे अन मी वर हात जोडून उभी राहो," त्या म्हणाल्या. "त्याच्या हाताले काही लागू नये म्हनून. दर डावाले रिकामा हात वर आला का मले माहं काळीज परत भेटे."

मी कपाकडे बघत राहिले. त्या हात जोडून उभ्या होत्या तेव्हा मी दगडामागे पदर लपवत होते, हे त्यांना सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. चहा पिऊन उठले.

पण ते पोटात राहिना. संध्याकाळी आम्ही दोघं ओसरीत पालकाच्या जुड्या बांधत होतो, तेव्हा मी नवऱ्याला सांगितलं. "मले हाक आयकू आली होती."

त्याचे हात थांबले. "कवा?"

"वर. पोरगा बोलवत होता तवा."

"मंग काहून ओ नाही देल्ली?"

"थोडा वेळ कोनी हाक मारू नये असं वाटलं."

त्याने एक जुडी बांधली, दुसरी बांधली. मग म्हणाला, "मले त्या इहिरीत पाहा लागलं वो." तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर घरात मला कोणी हाक मारेना. नवरा स्वतःचा विळा स्वतः शोधायचा, सापडला नाही तर तसाच जायचा. मुलगा फोन घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन हळू बोलायचा. टीव्हीचा आवाजही कोणीतरी कमी करून ठेवला. मी घरात आले की बोलणं थांबायचं. जी शांतता शोधायला मी डोंगर चढले होते ती घरभर पसरली, आणि ती मला सोसवेना. भांडी घासताना मी मुद्दाम आपटायचे. गल्लीतून जाताना बायका विचारायच्या, "काय, आज डोंगर नाही का?" आणि मी मान खाली घालून पुढे जायचे.

शेवटी सासूबाईंनीच ते मोडलं. त्यांना कमी आवाजाचा टीव्ही ऐकूच येत नव्हता. एक दिवस त्या जोरात ओरडल्या, "अवं, कोनी मेलं का घरात? आवाज वाढवा त्याचा! अन माह्या च्याचं काय झालं?" मुलगा फिसकन हसला. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी "आली आली" म्हणत उठले आणि चहाचं पातेलं चढवलं.

हरभरा घाट्यांवर आला तेव्हा मी पुन्हा वर गेले. या वेळी सगळ्यांना सांगून, फोन घेऊन. नवरा म्हणाला, "जाय. पन बोलावलं त ओ देजो." त्याच दगडावर बसले. वारा तसाच होता. पण मला सारखं वाटायचं, खालून कोणीतरी हाक मारतंय. कान टवकारायचे, उठून कडेशी जायचे, खाली विहिरीकडे बघायचे. विहिरीवर कोणी नसायचं. आईला आठवायचं ठरवून गेले होते, ती एकदाही नीट डोळ्यांसमोर आली नाही. लवकरच उतरले.

बांधावर पोस्टातल्या मुलाच्या आई भेटल्या. त्यांनी मला उतरताना पाहिलं होतं.

"झालं का बसून?" त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता.

"नाही जमलं."

"बसा मंग इथं."

त्यांनी ओल्या घाट्यांची डहाळी माझ्या हातात दिली. मी सोलत बसले. पोराच्या पायाचे टाके निघाले, आता त्याची बदली होते का काय, यवतमाळकडे गेला तर भाड्याची खोली कुठे बघावी, असं त्या बराच वेळ सांगत राहिल्या. त्या दिवशीचं त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. सांगावं असं तेव्हाही वाटलं, पण त्या हसून बोलत होत्या आणि मी एकेक घाटा फोडून दाणे त्यांच्यापुढे ठेवत राहिले.