सुकाणूवर वाढलेले पाय

होडी उजवीकडे न्यायची तर सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलायचा. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर हे मी शाळेत असतानाच, बाबांचे फटके खाऊन शिकले. चुकलं की मनगटावर फाडकन. "सांगून इसरतं, मारून नाय," असं त्यांचं म्हणणं. मला भाऊ नव्हता, त्यामुळे होडी माझ्याच गळ्यात पडणार होती. मी मात्र विमान चालवायचं खूळ डोक्यात घेऊन परराज्यात शिकायला गेले.

एकटीनं उडायला लागून थोडेच दिवस झाले होते. उतरताना आडवा वारा लागला. चाकं धावपट्टीवर आपटली, विमान उसळलं, पुन्हा आपटलं आणि डावीकडे ओढत निघालं. उजव्या पायाखालचं पेडल दाबायचं, बस. पण दांडा उलटा ढकलायची मुरलेली खोड ती! मी डावं दाबलं, पार तळापर्यंत. विमान गर्रकन फिरलं. उजवा पंख जमिनीवर आदळून फाटला, पुढचं चाक मोडलं, पंख्याची पाती डांबर खरवडत वाकली. माझं तोंड समोर आपटलं. दात थुंकले की गिळले, आठवत नाही. रक्त गिळत, पट्टा सोडवत मी बाबांना शिव्या घालत होते.

"पुन्हा असं झालं तर घरी जायचं," शिकवणारे सर म्हणाले. घरी म्हणजे मासळीच्या टोपल्या. मला त्या नको होत्या. खोलीत खुर्चीवर बसून मी पायांना धडे दिले. चुकलं की स्वतःच्याच मांडीवर बुक्की. मांड्या काळ्यानिळ्या पडल्या, पण पुढच्या वेळी विमान सरळ उतरलं, त्यानंतरही.

सुट्टीत घरी आले तेव्हा बाबांनी हौसेनं दांडा माझ्या हाती दिला. किनाऱ्याजवळ लाटा फुटत होत्या. होडीचं तोंड डावीकडे वळायला लागलं आणि मी दांडा उजवीकडे ढकलला. होडी लाटेला आडवी गेली आणि उलटली. होडीचा काठ माझ्या खांद्यावर बसला, बाबा होडीखाली गेले. भीतीनं मी वेडी झाले. शर्टाला धरून त्यांना वाळूवर ओढलं तेव्हा त्यांचं कपाळ फुटलेलं होतं.

पोटातलं खारं पाणी ओकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "दांडा कुनीकडं ढकललास?"

मी सांगितलं, विमानात जिकडे वळायचं तिकडचंच पेडल दाबतात तेही.

"मंग झालीस तू पायलट," ते म्हणाले. "होडीला मी दुसरा मानूस बघतो."