सुतळीचं माप

सुभेदारकाकांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नव्हता. खिशात कायम सुतळीचा गुंडा, आणि कशाचंही माप घ्यायचं ते सुतळीनं. लखनौच्या अलीगंजमधल्या त्यांच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहायला गेले, तेव्हा माझ्या कपाटाला आणि जिन्याला सुतळी लावून पाहिल्यावरच त्यांनी हमालांना पुढं जाऊ दिलं. घरमालक विक्षिप्त दिसतोय, असं मला वाटलं. कपाट मात्र कुठंही न घासता वर आलं. "डोळे खुशामत करतात, सुतळी करत नाही," असं ते म्हणत. मापाला गाठ मारून ती सुतळी मागच्या शेडमधल्या खिळ्याला अडकवून ठेवत.

काका मूळचे साताऱ्याचे. उभी हयात फौजेच्या वर्कशॉपमध्ये गेली, शेवटचं पोस्टिंग लखनौला झालं आणि ते इथंच राहिले. घरात ते आणि काकू मराठी बोलत. मुलगा शेखर, पंचविशीतला, त्याला सगळं समजे, पण उत्तर हिंदीतच येई. काकू कुरकुरत. काका म्हणत, दाणापाणी इथलं, तर जीभही इथलीच होणार.

बापलेकांचं वेड एकच. भंगारात घेतलेली एक जुनी गाडी काकांनी आतून पार सोलून काढली होती. ठेवली होती फक्त चालकाची सीट, भोवती लोखंडी पाइपांचा पिंजरा. शहराबाहेरच्या एका पडीक धावपट्टीवर थंडीत दर रविवारी हौशी मंडळी अशा गाड्या पळवत. बांधायची काकांनी, पळवायची शेखरनं. सीट आणि क्लच शेखरच्या पायाच्या मापानं बसवलेले. कमरेपासून टाचेपर्यंतची ती सुतळी शेडमध्ये सगळ्यात वरच्या खिळ्याला होती.

जानेवारीतल्या एका रविवारी धुकं पुरतं उठलं नव्हतं. थांबावं असं काहीजण म्हणत होते. काका म्हणाले, उठेल आता. वळणावर गाडी उलटली आणि कोलांट्या खात कडेच्या भिंतीवर जाऊन आदळली. शेखर वाचला. पण इस्पितळातून घरी आला तो डावा पाय आखूड होऊन, हातात काठी घेऊन.

गाडी त्याच्या आधीच ट्रकवरून घरी आली होती. काका लगेच कामाला लागले. वाकलेली चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, ओढायला त्यांनी साखळीचं एक टोक अंगणातल्या आंब्याला बांधलं. आंब्याची साल निघाली, पण चासी सरळ झाली. मग दिवसभर लाकडी हातोड्याचा आवाज. काकू तुळशीला पाणी घालायच्या त्या गाडीकडं पाठ करून. एकदा मात्र त्यांना राहवलं नाही.

"मोडलेलं पोरगं आत पडलंय, आणि तुम्ही बाहेर पत्रा ठोकताय."

"गाडी उभी राहू दे," काका म्हणाले, "तोही राहील."

त्यांचा यावर खरोखर विश्वास होता. शेखरच्या पायाकडं मात्र ते बघत नसत. तो काठी टेकत अंगणात आला की यांची नजर हातातल्या पान्यावर जाई. मला त्यांचा राग यायचा, आणि कीवही.

दसऱ्याला गाडी तयार झाली. पूर्वीचाच निळा रंग, तोच पिंजरा. काकांनी अवजारांची पूजा केली, गाडीला झेंडूची माळ घातली आणि शेखरला आत बसायला सांगितलं. तो कसाबसा बसला. डावा पाय पुढं केला, आणखी ताणला. अंगठा क्लचला जेमतेम टेकला, पण क्लच दाबला काही गेला नाही. काका आत वाकून बघत होते.

"बाबा," शेखर हळूच म्हणाला, "आपने नापा किसको था?"

काकांनी शेडमधल्या वरच्या खिळ्याकडं पाहिलं. जन्मभर मापल्याशिवाय खिळा न ठोकणारा हा माणूस, पण सगळी गाडी त्यांनी अपघाताआधीच्या मुलासाठी बांधली होती. शेखर स्वतःच बाहेर आला. प्रसादाला कोणी थांबलं नाही.

दिवाळीनंतर त्याला नागपूरला खुर्चीतली नोकरी मिळाली. निघायच्या सकाळी काका सुतळी घेऊन त्याच्यासमोर जमिनीवर बसले. अपघातानंतर त्या पायाला त्यांनी पहिल्यांदाच हात लावला. टाचेपाशी गाठ मारताना ती दोनदा सुटली. शेखर भिंतीकडं बघत राहिला. मग रिक्षा आली.

काकांनी सीट पुढं सरकवली, क्लचला नवी पट्टी जोडली. रविवारी कोपऱ्यावरच्या पीसीओतून फोन करून सांगत, एकदा येऊन बसून बघ. छुट्टी नहीं मिलती, असं उत्तर येई. परत आल्यावर काका मला उगाचच विचारायचे, तुमच्या बँकेत मिळते ना हो रजा? पुढच्या वर्षीच्या थंडीत ते झोपेतच गेले.

शेखर आला. तेरावा झाल्यावर त्यानं शेडमध्ये जाऊन गाडीवरची ताडपत्री काढली. वरच्या खिळ्याला दोन्ही सुतळ्या शेजारी-शेजारी लोंबत होत्या, एक लांब, एक आखूड. जुनी काकांनी टाकली नव्हती. काकू आणि मी दारात उभ्या होतो. काठी बाहेर टेकवून तो आत बसला, डावा पाय उचलून क्लचवर ठेवला आणि दाबला. क्लच तळापर्यंत गेला. बॅटरी केव्हाच उतरली होती, गाडी सुरू होणार नव्हतीच. तरी तो पाय दाबून तसाच बसून राहिला.

मग बोलला, आणि मराठीत बोलला.

"बाबा, पोचतो."

काकूंनी माझा हात धरला. हे ऐकायला फक्त काका हवे होते.