देवाची आण आधीची

सरकारी वकील लालासाहेबांना खुनी-दरोडेखोरांची किळस कधी आली नाही; किळस यायची ती आपल्याच काळ्या कोटाची. मूळचे कोरेगावचे. साताऱ्यात उमेदीची वर्षं घालवून त्र्याहत्तर साली ते सांगलीला आले, तेव्हा वकिलांच्या खोलीत चहाला बसणंसुद्धा त्यांनी सोडून दिलं होतं.

आटपाडीकडच्या राहीबाईच्या नवऱ्याचा खून झाला. पाहणारा एकटाच, गुंडा मेंढपाळ. पिंजऱ्यात उभा राहून तो खुशाल म्हणाला, "म्या काय बी बगितलं न्हाई." आरोपी सुटले. राहीबाई कोर्टाच्या पायरीवर मटकन खाली बसली.

लालासाहेबांनी गुंडाला व्हरांड्यात गाठलं. "खोटं बोललास ना रे?"

"व्हय की," गुंडा निर्मळ तोंडानं म्हणाला. "आवं, नानासो वकिलांनी देवळात न्हेऊन भंडारा उचलाय लावला, बगितल्यालं सांगायचं न्हाई म्हनून. देवाची आण आधीची, कोर्टाची मागनं. आधीची मोडू कशी?"

नानासो म्हणजे आरोपींचे वकील. कपाळाला गंध आणि तोंडी सदा सत्य नि न्याय! लालासाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाची सनद गेलीच पाहिजे, असं म्हणत त्यांनी वकिलांच्या शिस्त समितीकडे तक्रार केली. गुंडाही साक्षीला तयार झाला. आण होती ती खुनाबद्दल न बोलायची. देवळात कुणी नेलं, हे सांगायला देवाची ना नव्हती. "घाबरू नकोस, मी आहे," असं सांगून लालासाहेबांनीच त्याला समितीपुढं उभं केलं. कोर्टात खोटं बोललो, हेही त्यानं सरळ सांगून टाकलं.

समितीवर तिघंही वकीलच. नानासोंचं वय, त्यांची प्रतिष्ठा, त्यांची मुलंबाळं, सगळ्याचा विचार झाला आणि त्यांना नुसती ताकीद मिळाली. निकालानंतर चौघांनी मिळून भजी खाल्ली. तेलकट बोटं पुसत नानासोंनी लालासाहेबांनाही बोलावलं. ते पाठ फिरवून बाहेर पडले.

गुंडाला मात्र त्याची कबुली भोवली. त्याच्यावर खोट्या साक्षीचा खटला भरला गेला आणि तो चालवायला आला लालासाहेबांकडेच. त्यांनी नको म्हणून पाहिलं. "तुमच्याच तक्रारीतून निघालंय," वरच्यांनी सुनावलं.

तारखेला न्यायाधीशांनी गुंडाला विचारलं, "तुझा वकील कोण?" मागच्या बाकावरून कोट सावरत नानासो उठले.

लालासाहेब पिंजऱ्याजवळ गेले. "अरे, यांनाच दिलंस वकीलपत्र?"

"मग कुनाला देऊ?" गुंडा हळूच म्हणाला. "माज्या वळकीचं वकील दोनच, सायेब. आन तुमी तर त्या बाजूला हायसा."