पांढऱ्या साडीला माल नाही

नर्सची नोकरी लागली तेव्हा मी अंबरनाथ पूर्वेला आईवडिलांकडे राहत होते. ऐंशीच्या पुढची ती वर्षं. पहिलीच नेमणूक बदलापूरच्या पलीकडे, बारवीच्या बाजूच्या एका गावात मिळाली. गावात दुकान एकच. एक म्हातारी, तिचा मुलगा आणि सून घराच्या ओटीवर ते चालवायचे.

पहिल्या संध्याकाळी मी मेणबत्त्या आणि काडेपेटी आणायला गेले. गल्ल्यापाशी बसलेल्या म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"दवाखान्यातली नवी बाई का?"

"हो आजी."

"काडेपेटी नाय."

तिच्या डोक्यामागच्या फळीवर काडेपेट्यांची थप्पी होती. मी तिकडे बोट केलं.

"त्या गिऱ्हाइकांच्या हायत," ती म्हणाली. मुलगा तराजूत सुकट तोलत होता. त्याने मान वर केली नाही.

मग साबण, मीठ, चहापूड, मी मागेन ते संपलेलंच असायचं. दर सोमवारी मी अंबरनाथहून पिशवी भरून आणू लागले. दुकानाच्या पायरीवर बसलेल्या बायका मी दिसले की बोलायच्या थांबत. लस टोचायला गेले की दुकानवाल्यांच्या घराला आतून कडी.

कारण गावच्या सुईणीकडून कळलं. माझ्या आधीच्या नर्सने त्या सुनेला दोन लेकरांवर कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला नेलं होतं. मोठी मुलगी, धाकटा मुलगा. वर्षाच्या आत मुलगा तापाने गेला.

मी म्हातारीला जाऊन सांगितलं, "आजी, ती नर्स मी नव्हते."

"साडी तर तीच हाय," ती म्हणाली आणि माझ्या पायांशी थुंकली.

तेव्हापासून मलाही त्या घराचा राग यायला लागला. त्यांचं मूल गेलंय हे ठाऊक असूनही यायचा.

एके दुपारी ती सून दवाखान्यात आली आणि तिने दार लोटून घेतलं. उभ्या उभ्याच विचारलं, "कापलेलं परत जोडता येतं का हो?"

"विचारून बघू," मी म्हणाले. तिची कीव आली, पण त्याआधी मनात आलं ते वेगळंच: शेवटी त्या घराला माझी गरज पडली.

बदलापूरच्या बाजाराला जाते असं घरी सांगून ती निघाली आणि मी तिला उल्हासनगरला एका बाईडॉक्टरांकडे नेलं. त्या म्हणाल्या, नळी जोडता येते, पण मुंबईला जावं लागेल, नवऱ्याची सही लागेल आणि मूल होईलच असं सांगता येणार नाही. परतीच्या एसटीतून उतरताना सून म्हणाली, "घरी तुमीच सांगा बाई. माझ्याच्यानं नाय व्हायचं."

दुसऱ्या सकाळी मी दुकानात गेले. तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती. ती जाईपर्यंत मी थांबायला हवं होतं. थांबले नाही, सगळं सांगून टाकलं.

"पुन्हा कापायचं?" म्हातारी म्हणाली. "एकदा कापलं त्यानं पोट भरलं नाय तुमचं?"

मुलगा बायकोकडे वळला. "तू गेलीस हिच्यासंगं?"

सून दारात उभी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी बाजाराला चालले व्हते. यांनीच नेलं मला."

त्याने तराजू खाली ठेवला. "बाई, पुन्हा या ओटीवर चढायचं नाय."

गिऱ्हाइकांनी मला वाट करून दिली. म्हातारीपेक्षा सुनेची चीड मला जास्त आली. पुढे कितीतरी महिने ती विहिरीवर दिसली की मी तोंड फिरवायचे. तिला त्याच घरात दिवस काढायचे होते, मी मात्र दर शनिवारी अंबरनाथला निघून जात होते, हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं. ती मुंबईला कधीच गेली नाही.

ऑपरेशनचं टार्गेट मलाही होतंच. त्याच गावातून, वरच्या पाड्यांवरून मीही बायका नेल्या. फक्त, बाई तयार झाली की मी तिला महिनाभर घरी पाठवायचे. लेकरं धड आहेत का, नीट विचार कर, मग ये, म्हणायचे. बऱ्याच जणी परत आल्या नाहीत. आकडा कमी भरला आणि मला मेमो आला. मी त्यावर सही केली आणि शिपायाच्या हातात परत दिला.