अडीच बोटं कोरी जागा

आमच्या फ्लॉरेन्समध्ये त्या काळी मेलेल्यांना बरे दिवस आले होते. द्राक्षाच्या मळ्यात नांगराला एखाद्या जुन्या पुतळ्याचा संगमरवरी हात लागला, की तो गाडीत गवतावर निजवून गावात आणायचे आणि मागून निम्मं गाव चालायचं. आमच्या न्हाव्यानं पोराचं नाव जुन्या काव्यातल्या शूरवीराचं, हेक्टर, ठेवलं. पोराला अजून स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं. आणि जुन्या रोमन लोकांची पुस्तकं तर प्रत्येक व्यापाऱ्याला घरात हवीच असत, मग तो वाचो न वाचो.

माझे यजमान बालदासारे ती पुस्तकं उतरून काढायचे. झानोबी नावाच्या पुस्तकवाल्यासाठी त्यांनी पस्तीस वर्षं हे एकच काम केलं. अक्षर असं, की मला वाचता येत नाही तरी बघत बसावंसं वाटायचं. लॅटिन त्यांना चांगलं यायचं, पण ग्रीक नाही. ते तेव्हा फारसं कुणालाच येत नव्हतं. म्हणून मजकुरात मध्येच ग्रीक शब्द आले, की नकलकारानं तेवढी जागा कोरी सोडायची आणि शेजारी समासात मोहरीएवढा ठिपका द्यायचा. मग गावातले जे दोन-तीन ग्रीक जाणणारे होते, त्यांच्यातला एखादा ठिपके बघत पुस्तक चाळायचा आणि जागा भरायचा. ठिपका दिसला नाही, तर तो पान उलटून पुढे जायचा.

आमची जिनेव्रा सहा वर्षांची असताना तापानं गेली. सोमवारी ताप चढला, गुरुवारी सगळं संपलं. संत योहानाच्या सणाआधी पुस्तक द्यायचा शब्द झानोबीनं गिऱ्हाइकाला दिला होता, म्हणून चौथ्या दिवशी हे लिहायला बसले. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला, की मी त्यांच्यापुढे ताट आपटलं. पुस्तकात कुणा रोमन म्हाताऱ्याची पत्रं होती. त्या दिवशीच्या पत्रात त्यानं मित्राला लिहिलं होतं, ‘माझी मुलगी गेली आणि मला घास जाईना. मग एका ग्रीक माणसाचं एक वाक्य माझ्या कानावर आलं. ते असं.’ पुढे मूळ प्रतीत ग्रीक अक्षरांची वळवळ होती. आणि त्यानंतर, ‘हे ऐकल्यावर मी उठून बसलो आणि जेवलो.’

यांनी ती वळवळ बघितली, अडीच बोटं जागा सोडली आणि पुढचं लिहिलं. जागा भरणाऱ्यानं पुस्तक चाळलं आणि ते वेळेवर गेलं. ज्या व्यापाऱ्यानं ते घेतलं, त्यानं ते आपल्या खोलीत कुलपात ठेवलं. मूळ प्रत ज्याची होती तो ती घेऊन व्हेनिसला गेला, तिथून ती कुठे गेली हे देवालाच ठाऊक.

पण यांच्या मनातून ते वाक्य जाईना. जेवताना मध्येच घास हातात धरून म्हणायचे, "तेस्सा, काय बरं सांगितलं असेल त्या माणसानं?"

"सांगितलं असेल, शेंगा गार होतायत, खा," मी म्हणायची. पण मलाही ते हवंच होतं. कुठल्या शब्दांनी पोर गेलेला बाप उठून बसतो, हे मलाही ऐकायचं होतं.

पुढे कॉन्स्टँटिनोपल तुर्कांनी घेतलं आणि तिकडचे ग्रीक आमच्याकडे येऊ लागले. त्यांतला एक अनास्तासी, फाटक्या अंगरख्याचा पण तोंडानं राजा. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी हे त्याच्याकडे ग्रीक शिकू लागले. शिकवणीच्या बदल्यात तो आमच्याकडे जेवायचा आणि वर मला ‘मोन्ना’, म्हणजे बाईसाहेब, म्हणत माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायचा.

"मोन्ना तेस्सा, आमच्याकडे असली शेंगांची आमटी गाढवाला घालतात."

"म्हणूनच तुला वाढली," मी म्हटलं. त्यावर तो इतका हसला, की ठसका लागला.

गल्लीतले लोकही कमी नव्हते. न्हावी म्हणायचा, "काय हो बालदासारे, दात पडायला आले आणि आता अक्षरं गिरवताय! आमच्या हेक्टरबरोबर बसा." हे हसायचे आणि परत पाटीवर वाकायचे. नऊ वर्षं लागली. एकदा अनास्तासी म्हणाला, "त्या एका वाक्यासाठी एवढा जीव का आटवताय? आमच्याकडे दुःखावरची वचनं ढिगानं आहेत. एक चांगलंसं देतो, घ्या ते समजून." हे तिथून उठूनच गेले. दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

मग तो व्यापारी वारला आणि त्याच्या विधवेनं ती खोली दर गुरुवारी वाचणाऱ्यांसाठी उघडी ठेवली. पहिल्याच गुरुवारी आम्ही दोघं गेलो. पुस्तकं मेजाला साखळीनं बांधलेली. यांनी आपलं अक्षर लांबूनच ओळखलं. भरलेल्या ग्रीक जागा आल्या, की थांबून हळूहळू वाचायचे, मला अर्थ सांगायचे. मी म्हटलं, "अहो, आधी ते काढा ना!"

ते पान आलं. जागा कोरीच होती.

यांनी समासावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाले, "ठिपका नाही, तेस्सा. मीच द्यायला विसरलो."

तेवीस वर्षं! मी त्यांना तिथेच बोलणार होते, पण त्यांचा चेहरा बघून माझ्या तोंडून भलतंच आलं. "जिनेव्राचं नाव लिहा. ग्रीक अक्षरांत लिहा. आता येतंय ना तुम्हाला? कुणाला कळणार आहे?"

त्यांनी कमरेची दौत-लेखणी काढली. मला वाटलं, लिहितात. त्यांनी लेखणी बुडवली, आणि समासात मोहरीएवढा ठिपका दिला.

"मूळ प्रतीत नाही ते कसं लिहू, अगं?" ते म्हणाले. "पण ते वाक्य कुठेतरी असेल. ज्याला ठाऊक असेल तो आता इथे थांबेल."

परतताना पुलावर मी त्यांच्या चार पावलं पुढे होते. आर्नोच्या पाण्याकडे बघत चालले. पुलाच्या टोकाला त्यांनी माझा हात धरला, तेव्हा मला रडू फुटलं.

त्यानंतर दोनच हिवाळे ते होते. शेवटच्या दुखण्यातही गुरुवार आला, की मला म्हणायचे, "जाऊन बघून ये." अनास्तासीही आता नाही.

मी अजून दर गुरुवारी जाते. तिथला राखणदार आता विचारतसुद्धा नाही, मला बघितलं की ते पान काढून ठेवतो.

"भरलं का रे?" मी विचारते.

"नाही, मोन्ना तेस्सा. अजून नाही."

मग मी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवते, मनातल्या मनात जिनेव्राचं नाव घेते, आणि घरी येऊन जेवते.